मास कम्युनिकेशनची एम.ए. : क्रेडिट्स मोजा, विषय लहान करा

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातली. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय मराठी, दुय्यम विषय इतिहास. दीड वर्षापासून संध्याकाळी एका स्थानिक वृत्तवाहिनीसाठी बातम्या लिहून देते. पुढे मास कम्युनिकेशनमध्ये एम.ए. करायचे आहे, पण मराठीच्या मुलीला तिथे घेतात का? मैत्रिणी म्हणतात, चौथे वर्ष इथेच कर, मग एम.ए. एका वर्षात होते. हे खरे का? दोन वर्षांत नेमके काय काय पूर्ण करावे लागते? डेझर्टेशनमध्ये, म्हणजे शेवटच्या लघुप्रबंधात, मुले अडकतात असे ऐकते. मी तर विषयही ठरवला आहे : 'गोव्यातील प्रसारमाध्यमांचा समाजावर होणारा परिणाम'. संध्याकाळचे काम चालू ठेवता येईल का? इंग्रजी वाचते, पण लिहिताना हात थांबतो. आणि बाबा विचारतात, बातम्या तर आताच लिहितेस, मग डिग्री कशाला?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : मराठीच्या मुलीला घेतात. या विषयाच्या एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी चौकट आणली, तिच्यातही हेच आहे : पदवी कोणत्याही विषयातली असो, ज्या विषयात एम.ए. करायचे त्याची राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पार केली की वाट मोकळी. म्हणजे तुमच्यापुढचा अडथळा मराठीचा नाही, प्रवेश परीक्षेचा आहे. त्याकडे येऊच.

आधी नावांचा घोळ मिटवू. मास कम्युनिकेशन, जर्नालिझम अँड मास कम्युनिकेशन, मीडिया स्टडीज, कम्युनिकेशन स्टडीज, मराठीत कुठे जनसंज्ञापन तर कुठे वृत्तपत्रविद्या, अशा वेगवेगळ्या पाट्या दिसतील. (जनसंज्ञापन हा शब्द परीक्षेच्या पेपराबाहेर कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही, पण पेपरात लिहावा लागतो, तेव्हा सवय करा.) पाटीवरून काही ठरवू नका, चारही सत्रांच्या पेपरांची यादी वाचा. एखाद्या ठिकाणी निम्मे पेपर कॅमेरा, एडिटिंग, बुलेटिन यांचे असतात, तर दुसरीकडे सिद्धान्त आणि संशोधन पद्धती यांवर भर असतो. अमेरिकेत कम्युनिकेशन स्टडीज म्हणजे बरेचदा वक्तृत्वशास्त्र, व्यक्ती-व्यक्तींमधला आणि संस्थांमधला संवाद. पत्रकारिता तिथे वेगळ्या विभागात असते. परदेशाचे बेत मनात असतील तर हा फरक लक्षात ठेवा. इथे शिकून पुढे प्राध्यापकीची नेट परीक्षा द्यायची असेल, तर तिचा विषय 'मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम' हा एकच आहे, विषय क्रमांक ६३.

आता मैत्रिणींचा सल्ला. तो अर्धा खरा आहे. गोव्यात २०२३-२४ पासून पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट लागू झाली. तिच्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटांची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचे माप) आणि चार वर्षांची ऑनर्स १६० क्रेडिटांची. तीन वर्षांनंतरची एम.ए. दोन वर्षांची, ८० क्रेडिटांची. चार वर्षांनंतरची एका वर्षाची, ४० क्रेडिटांची. इथवर मैत्रिणी बरोबर आहेत. पण एका वर्षाची एम.ए. ही त्या विषयाची एम.ए.च्या पहिल्या वर्षाइतकी तयारी झालेल्यांसाठी आहे. तुमचे चौथे वर्ष मराठीचे होणार, त्यामुळे त्याचा सरळ उपयोग मराठीच्या एम.ए.ला. दुय्यम विषय पत्रकारिता असता तर बोलण्यासारखे काही होते, कारण नव्या चौकटीत मुख्य किंवा दुय्यम अशा दोन्ही विषयांत पुढे जाता येते. तुमचा दुय्यम विषय इतिहास आहे. तेव्हा तीन वर्षांवर पदवी घ्या आणि दोन वर्षांच्या एम.ए.ला बसा. एकूण वर्षे दोन्हीकडे पाचच होतात, मग नको त्या विषयाचे चौथे वर्ष का करायचे?

प्रवेशासाठी ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाची 'जीयू-आर्ट' ही प्रवेश परीक्षा आहे. पुणे, मुंबई, कोल्हापूर इथल्या विद्यापीठांच्या प्रवेशाच्या आपापल्या पद्धती आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट मराठी मुलांना विशेष सोयीची, कारण तिथे मराठी पत्रकारितेची जुनी परंपरा आहे. हैदराबाद विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात या विषयाच्या पेपराचा सांकेतिक क्रमांक सीओक्यूपी १७ : ७५ प्रश्न, ३०० गुण, बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला वजा १, वेळ ९० मिनिटे. इथे मुले नेहमी एक चूक करतात. ही परीक्षा मार्चच्या आसपास होते आणि अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात निघतात. पदवीचा निकाल लागल्यावर, जूनमध्ये, चौकशी करणाऱ्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो, तो करा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. इंग्रजी प्रश्न अडला तर शेजारची हिंदी ओळ वाचायची सवय सरावातच लावून घ्या.

भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बातमीदारीसाठी तो उत्तम, पण तो पदविका आहे, एम.ए. नव्हे. पुढे पीएच.डी. किंवा प्राध्यापकी मनात असेल तर हा फरक महागात पडतो.

कागदांच्या बाबतीत दोन ठिकाणी वेळ जातो. राखीव जागेवर अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि ओबीसींना नॉन-क्रीमी लेयर हे राज्याच्या आणि केंद्राच्या वेगवेगळ्या नमुन्यांत लागतात. केंद्रीय संस्थेला राज्याचा नमुना दिला की अर्ज सर्वसाधारण गटात ढकलला जातो. गोवा सोडून पुण्याला जायचे तर गोवा विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. गोव्यातच राहायचे तर पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून आधीच काढून ठेवा. मे महिन्यात तिथली रांग तुम्ही पाहिली असेलच.

आता मूळ प्रश्न, दोन वर्षांत काय पूर्ण करायचे.

८० क्रेडिट्स म्हणजे दर सत्राला २०, बहुधा चार-चार क्रेडिटांचे पाच पेपर. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, आणि प्रॅक्टिकल, स्टुडिओ किंवा इंटर्नशिपचे ३० तास. हा दुप्पट आकडा मुलांच्या लक्षात येत नाही. २० पैकी १० क्रेडिट्स थिअरीची आणि १० प्रॅक्टिकलची धरली तर एका सत्रात १५० अधिक ३००, म्हणजे ४५० तास. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर आठवड्याला ३० तास झाले, आणि त्यात घरचे वाचन नाही. डिचोलीहून पणजी, तिथून पठार, असा कदंब बसचा प्रवास त्यातही नाही. संध्याकाळचे काम पहिल्या वर्षी आठवड्यातून तीन दिवसांवर आणा. ते जमणार नसेल तर इग्नूची दूरस्थ एम.ए. हा सरळ पर्याय आहे. तिचे प्रादेशिक केंद्र गोव्यातच आहे आणि पूर्ण करायला दोन वर्षांहून जास्त मुदत मिळते. मात्र तिथे मागे लागणारे कोणी नसते. स्वतःहून लिहीत राहण्याची शिस्त असेल तरच त्या वाटेला जा.

तुम्ही आज करता ते काम इंटर्नशिप म्हणून आपोआप धरले जाईल असे समजू नका. चार क्रेडिटांच्या इंटर्नशिपला १२० तास लागतात, विभागाची आधी लेखी मान्यता लागते, आणि शेवटच्या प्रमाणपत्रावर तारखा, तास आणि कामाचे स्वरूप हवे. 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' एवढीच ओळ असलेले प्रमाणपत्र परत येते. नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, स्वयंसेवक म्हणून राबणाऱ्यांचा हमखास गैरसमज होतो की तेवढ्यात इंटर्नशिप आटोपली. महोत्सव नऊ दिवसांचा. रोज आठ तास धरले तरी ७२ होतात, ४८ उरतात. शिवाय नेमक्या त्याच दिवसांत अंतर्गत चाचण्या असतात. जायचे तर हजेरीची परवानगी आधी घ्या. ७५ टक्के हजेरीची अट जिथे आहे तिथे चवथीची सुट्टी पुढेमागे ताणलेली आणि इफ्फी मिळून पहिले सत्र काठावर येते.

पेपरांमध्ये चार गठ्ठे असतात. पहिला संवादाच्या सिद्धान्तांचा : लासवेलचे १९४८ चे पाच प्रश्न, शॅनन आणि वीव्हरचे प्रारूप, लाझार्सफेल्ड आणि कॅट्झचा द्विस्तरीय प्रवाह, गर्बनरचा संवर्धन सिद्धान्त, स्टुअर्ट हॉलचे सांकेतन-विसांकेतन. दुसरा माध्यमांचा इतिहास आणि अर्थकारण. तिसरा कायद्याचा, आणि इथे जुन्या नोट्स घात करतात. १८६७ चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन कायदा गेला, त्याच्या जागी २०२३ चा आला. बदनामीसाठी भारतीय दंड संहितेचे कलम ४९९-५०० लिहिलेत तर आता चूक, भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ आहे. घटनेतले अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम १९(१)(अ) आणि त्यावरच्या मर्यादांचे १९(२) मात्र जिथे होते तिथेच आहेत. चौथा गठ्ठा संशोधन पद्धतीचा. त्याला मुले घाबरतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच्यावाचूनच अडतात. पहिल्या सत्रात एकाच पेपराला जीव लावायचा असेल तर तो याला लावा.

एक छोटे काम आजच करा. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधले तुमचे खाते डिजिलॉकरवरून उघडून बघा. पदवीची क्रेडिट्स जमा झालीत का, आधारवरचे आणि गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः जुळते का, ते पाहा. वडिलांचे नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्याने क्रेडिट्स लटकतात. पहिल्या वर्षानंतर काही कारणाने थांबावे लागले तरी ४० क्रेडिटांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि जमा क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

आता डेझर्टेशन. नव्या चौकटीत दुसरे वर्ष पूर्ण पेपरांचे, पूर्ण संशोधनाचे किंवा अर्धे-अर्धे असू शकते. यातले काय मिळेल हे विभाग ठरवतो. अर्ध्या-अर्ध्यात एक सत्र, म्हणजे २० क्रेडिट्स संशोधनाला जातात. २० गुणिले ३०, म्हणजे ६०० तास. पंधरा आठवड्यांत आठवड्याला ४०. मुले इथे अडकतात ती आळसामुळे नव्हे. हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि विषय असा निवडला जातो की ६,००० तासही पुरणार नाहीत. तुमचा विषय त्या जातीचा आहे.

'गोव्यातील प्रसारमाध्यमांचा समाजावर होणारा परिणाम.' गोव्यातील म्हणजे पेडण्यापासून काणकोणापर्यंत? प्रसारमाध्यमे म्हणजे आकाशवाणी, दैनिके, केबल, व्हॉट्सॲप, की तियात्रसुद्धा? समाज म्हणजे कोण? आणि सर्वांत अवघड शब्द, परिणाम. वर्तमानपत्रांची कात्रणे कितीही मोजलीत तरी काय छापून आले एवढेच कळते. वाचणाऱ्याच्या मनावर त्याने काय केले ते कळत नाही. या विषयातल्या सर्वांत प्रसिद्ध अभ्यासाने हे कसे सांभाळले ते बघा. मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या १०० अनिश्चित मतदारांना विचारले की तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते. दुसरीकडे त्यांनी ते मतदार वाचत-पाहत असलेल्या माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली ते मोजले. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. तेव्हा कुठे १९७२ मध्ये 'अजेंडा सेटिंग' (लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमे ठरवतात) हा शब्द आला, आणि तेही एका गावापुरते बोलून. 'परिणाम' हा शब्द शीर्षकात हवा असेल तर दोन्ही मोजण्या कराव्या लागतील. सहाशे तासांत ते बसत नाही. शब्द काढा.

तुम्ही खाणपट्ट्यात राहता. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी बंद झाल्या. त्यानंतरच्या तीन महिन्यांत, १६ मार्च ते १५ जून, गोव्यातल्या दोन मराठी दैनिकांच्या पहिल्या पानावर खाणबंदीच्या बातम्यांत कोणाचा आवाज किती आला? सरकार, कंपन्या, ट्रकमालक, कामगार, पर्यावरणवादी, न्यायालय, गावकरी. हा झाला विषय. याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि उत्तर आधीच ठाऊक नाही.

गणित असे. दिवस ९२. सुट्ट्यांमुळे जे अंक निघाले नाहीत ते वजा होतील, तरी दोन दैनिकांचे सुमारे १८० अंक धरा. एका पहिल्या पानावर नजर फिरवून खाणीची बातमी शोधायला पाच मिनिटे, म्हणजे १५ तास. समजा १५० बातम्या निघाल्या. प्रत्येकीचे कोडिंग, म्हणजे तिच्यात कोणाचा आवाज आहे ते ठरलेल्या रकान्यांत नोंदवणे, दहा मिनिटे, म्हणजे २५ तास. हे आवाक्यातले काम आहे. काही पुस्तकांत 'रचित आठवडा' नावाची नमुना पद्धत सांगतात : वर्षभरातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यादृच्छिक निवडीने, एक सोमवार, एक मंगळवार असे उचलून दोन कृत्रिम आठवडे तयार करायचे. एरवीच्या बातम्यांसाठी ती छान, पण एकाच घटनेच्या अभ्यासाला ती वापरू नका, कारण नेमके मोर्चाचे दिवस नमुन्यातून निसटतील. इथे सगळे अंक घ्या.

कोडिंगची वही करताना रकान्यांच्या व्याख्या आधी लिहा. ट्रकमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष पंचायत सदस्यही असेल तर तो ट्रकमालक की सरकार? असा निर्णय एकदाच करून वहीत नोंदवायचा. मग १५० पैकी तीसेक बातम्या दुसऱ्या कोणाकडून, तुमचे कोडिंग न दाखवता, कोड करून घ्या. दोघींचे किती जुळले ते मोजा, पण नुसती टक्केवारी देऊ नका. कारण पाहा : ९० टक्के बातम्यांत सरकारी स्रोत असेल तर दोघींनी डोळे झाकून त्या प्रमाणात खुणा केल्या तरी ०.९ चा वर्ग अधिक ०.१ चा वर्ग, म्हणजे ८२ टक्के आपसूक जुळते. तुमचे ८८ टक्के जुळले तर खरी कमाई ८२ वरची ६. उरलेल्या १८ पैकी ६, म्हणजे कोहेनचा कप्पा (योगायोग वगळून जुळणी मोजणारा आकडा) ०.३३, आणि तो फारच कमी. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात. 'बातमीचा सूर सकारात्मक की नकारात्मक' हा रकाना सर्वांत मोहक आणि सर्वांत कमी जुळणारा. गाईड आग्रह धरत नसतील तर तो टाळा.

जुने अंक पाटो-पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बघा. विभागाचे पत्र, संशोधनाचा हेतू आणि हव्या असलेल्या तारखांची यादी घेऊन जा, आणि पानांचे फोटो घेता येतील का ते काउंटरवर आधीच विचारा. फोटोंना 'दैनिक-वर्ष-महिना-दिवस' असे नाव त्याच दिवशी द्या. 'आयएमजी ४०२३' नावाच्या दोनशे फोटोंतून तारीख शोधणे ही शिक्षा आहे.

खाणीचा विषय घराच्या फार जवळचा वाटला, घरातल्या कोणाचे पोट तिच्यावर असेल, तर तुमचा दुय्यम विषय इतिहास कामी येईल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने 'गोमन्तक' आणि विरोधात मडगावचे 'राष्ट्रमत', अशी दोन मराठी दैनिके समोरासमोर उभी होती. कौलाआधीच्या एका महिन्यातले त्यांचे अग्रलेखच घेतले तरी भरपूर साहित्य आहे. यात धोका वेगळा. प्रत्येक गोमंतकीयाचे या विषयावर आधीच मत असते आणि तुमचेही असेल. म्हणून व्याख्यांची वही इथे दुप्पट काटेकोर हवी.

मुलाखती घ्याव्याशा वाटल्या तर त्यांचाही हिशेब करा. बारा मुलाखती, प्रत्येकी ४५ मिनिटे, म्हणजे नऊ तासांचे रेकॉर्डिंग. एक तास ऐकून उतरवायला चार ते सहा तास लागतात. म्हणजे ३६ ते ५४ तास. माणसे कोकणीत बोलतील आणि तुम्ही मराठीत लिहाल, तर वरच्या आकड्याकडे जा आणि मूळ कोकणी वाक्यही जपून ठेवा. बोलण्याआधी लेखी संमती घ्या. फेसबुकवर फॉर्म फिरवून दीडशे जणांकडून भरून घेतलात, तर 'गोवेकरांना असे वाटते' असे लिहिता येणार नाही. 'प्रतिसाद देणाऱ्या १५० जणांना' एवढेच लिहिता येईल.

गाईडशी बोलणी दुसऱ्या सत्रातच सुरू करा. तोवर हजारेक शब्दांचा आराखडा तयार ठेवा : प्रश्न, काळ, साहित्य, पद्धत, आणि आधी झालेले आठ-दहा अभ्यास. शेवटच्या महिन्यात साम्यतपासणी होते, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का ते सॉफ्टवेअरने पाहतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावे लागते. ४० ते ६० ला वर्षभर बंदी. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर यात मोजत नाहीत. मराठीतले लेखन हे सॉफ्टवेअर पकडत नाही असे कोणी सांगेल. त्याच्यावर विसंबू नका, कारण परीक्षकाला मराठी वाचता येते.

इंग्रजीबद्दल. पहिले काम, प्रवेश घेतानाच विभागाला लेखी विचारा की पेपर आणि डेझर्टेशन कोणत्या भाषेत चालतील. तोंडी 'चालेल' असे मिळालेले उत्तर दुसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही. इंग्रजीत लिहावे लागलेच, तर सवयीची युक्ती उलटी करा. आधी मराठीत लिहून भाषांतर करू नका, त्याने वाक्ये लांबतात आणि हात आणखी थांबतो. रोज तुमच्याच एका बातमीचा सारांश पाच छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. बातमीदाराला छोटी वाक्ये येतात, आणि इंग्रजी परीक्षकालाही तीच आवडतात. सिद्धान्तांसाठी वहीत एका पानावर एकच सिद्धान्त : इंग्रजी नाव देवनागरीत, वर्ष, दोन ओळींत अर्थ, आणि गोव्यातले स्वतः शोधलेले एक उदाहरण. द्विस्तरीय प्रवाहासाठी गावातला तो माणूस चालेल, जो सकाळी पेपर वाचतो आणि मग तिंट्यावर सगळ्यांना सांगतो.

राहिला बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे. बातमीदार व्हायला एम.ए. लागत नाही, आणि दोन वर्षे तेच काम केलेल्याला संपादक एम.ए. झालेल्याच्या आधी घेईल. पदवी लागते ती इतर दारांसाठी. कॉलेजात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट हवी. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी घेते, तेव्हा तीही द्या. नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. सरकारी माहिती खात्यातली किंवा कंपन्यांच्या जनसंपर्क विभागातली पदे हवी असतील तिथेही डिग्री विचारतात. गोवा सरकारच्या जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असते, तेव्हा बोलता येते म्हणून कोकणी लिहिणे टाळू नका. यातले काहीच नको असेल, तर बाबांचे म्हणणे मान्य करून पदविका करा आणि एक वर्ष वाचवा.

शिकवण्याची वाट धरलीत तर शेवटच्या गुणपत्रिकेवर लक्ष हवे. नेट आणि पीएच.डी. दोन्हींना एम.ए.ला ५५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांगांना ५० चालतात. नेटला ५४.९९ चे ५५ करून घेत नाहीत. तुमच्या हातात टक्के नव्हे, सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी श्रेणी) येणार. म्हणून गुणपत्रिका घ्यायला जाल त्याच दिवशी विद्यापीठाच्या सूत्राने टक्केवारीत रूपांतर केल्याचे प्रमाणपत्रही मागून घ्या. नंतर त्यासाठी पुन्हा पठार चढावे लागते.